दुसरा फोटो

कळंबच्या बसस्टँडवरून चिंतामणीच्या देवळाकडे निघालं की डाव्या हाताला 'सांची फोटो' अशी पाटी लागते. पाटीचा निळा रंग दरवर्षी चौदा एप्रिलच्या आधी नवा होतो, बाकी दुकान आहे तसंच आहे. मालक धर्मपाल वानखडे. वय त्रेपन्न. तीस वर्षं झाली धंद्यात, आणि या तीस वर्षांत गिऱ्हाइकांशी ते शंभर वाक्यं बोलले असतील तर शपथ.

बोलण्याचं काम त्यांच्या बायकोचं, विजयमालाबाईंचं. फोटो कधी मिळेल, बाळाला काजळ किती लावावं, लग्नाच्या आल्बमात नवरदेवाचा रुसलेला मामा घ्यायचा की नाही, हे सगळं त्या काउंटरवरून निस्तरत. धर्मपालभाऊ आत, पडद्यामागे. माणूस आत आला की ते स्टुलाकडे हात करत, दोन बोटांनी हनुवटी जराशी उचलत आणि कॅमेऱ्याला डोळा लावत. मग कॅमेरा बोलायचा. खटाक. त्या काळ्या, जड, कोपरे झिजलेल्या कॅमेऱ्याचा आवाज असा दणदणीत होता की बाहेर बसलेल्या माणसालाही कळावं, आतल्याचं आटोपलं म्हणून.

गावात कोणी त्यांना मुका फोटोवाला म्हणत. ते मुके नव्हते. लहानपणापासून त्यांची जीभ अडकायची. शब्दाचं पहिलं अक्षर तोंडात आलं की तिथंच ठाण मांडायचं. शाळेत कविता म्हणायला उभं केलं की वर्ग आधीच हसायच्या तयारीत बसायचा. पण हसण्याचं एक वेळ सोडा, लेकरं हसणारच. धर्मपालभाऊंना लागलं ते मोठ्या माणसांचं. समोरच्याची जीभ अडकली की मोठी माणसं काय करतात ते कधी नीट पाहा. एक जण ओठ आवळतो, एक जण घड्याळाकडे बघतो, आणि एखादा भला असलाच तर अडकलेला शब्द स्वतःच पुरा करून देतो, तोही हमखास चुकीचा. हे चेहरे पाहून पाहून पोरगा असा शहाणा झाला की बोलायची पाळी आली की आधी नजर जमिनीला लावायची. पुढे बोलणंच कमी केलं. ज्याला लोकांचे चेहरे बघवत नव्हते त्यानं धंदा निवडला तो चेहऱ्यांचाच. माणसाचं असंच असतं.

त्यांचं नाव झालं ते मात्र म्हाताऱ्या माणसांच्या फोटोंमुळे. आमच्या भागात घरातलं माणूस थकलं की लेक-सून एखाद्या बऱ्या दिवशी त्याला धुतलेले कपडे घालतात आणि फोटो काढून घेतात. कशासाठी ते कोणी बोलत नाही, पण काढून घेणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि म्हाताऱ्यालाही. असा फोटो काढायचा तर धर्मपालभाऊंनीच, असं कळंबपासून राळेगावपर्यंत ठरलेलं होतं. त्यांच्या फोटोतला बाप भिंतीवरून घरावर नजर ठेवतो, असं लोक म्हणत.

त्यामागची युक्ती साधीच होती, पण ती त्यांनी कोणाला सांगितली नाही. सांगायचं म्हणजे बोलणं आलं. खेड्यातलं म्हातारं माणूस कॅमेऱ्यापुढे बसलं की श्वास धरतं. जबडा आवळतं, खांदे वर, डोळे फाडलेले. ते कॅमेऱ्याच्या आवाजाची वाट बघत असतं. खटाक झालं की सुटलो म्हणून ते श्वास सोडतं, आणि तेवढ्या एका क्षणात त्याचा खरा चेहरा वर येतो, घरच्यांना रोज दिसतो तो. धर्मपालभाऊ तेव्हा दुसऱ्यांदा बटन दाबत. पहिला फोटो कधी कोणाला दिलाच नाही त्यांनी. दिला तो कायम दुसरा.

तर असं सुरळीत चाललेलं असताना मागच्या पावसाळ्यात एका घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. घरातली आजी गेलेली, माणसं पांढऱ्या कपड्यांत बसलेली, भंतेजींनी सगळ्यांना डोळे मिटायला सांगितले. शांतता पसरली आणि खटाक. दोन बायका दचकल्या. कार्यक्रमानंतर भंतेजी अगदी मऊ आवाजात म्हणाले, "भाऊ, तुमच्या यंत्राला जरा हळू बोलायला शिकवता येईल का?" सगळे हसले, भंतेजीही हसले. पण धर्मपालभाऊंच्या मनाला ते लागलं. जन्मभर ज्यानं आवाज केला नाही त्याला आवाजावरून बोलणं खावं लागलं.

त्यांची मुलगी प्रियंका पुण्याला नोकरीला. ती तर वर्षभर फोनवर मागेच लागली होती, "बाबा, आता सगळे मिररलेस कॅमेरेच घेऊन राह्यले, तुम्ही काहून तो दगड घेऊन फिरता?" दिवाळीआधी दोघं नवराबायको यवतमाळला गेले आणि जुना कॅमेरा देऊन नवा घेऊन आले. हलका, गुळगुळीत. दुकानदारानं सांगितलं, "हा माणसाचा डोळा आपोआप पकडते. अन् आवाज? शून्य." धर्मपालभाऊंनी तिथंच बटन दाबून पाहिलं. काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. ते मनापासून खूश झाले. परतताना बसमध्ये त्यांनी खोकं मांडीवरून खाली ठेवलं नाही.

खुशी दोनेक आठवडे टिकली. पहिली खंत अशी की जुन्या कॅमेऱ्यात डोळा लावला की काचेतून माणूस दिसायचा. नव्यात आत एक इवलासा पडदा, त्यावर माणसाचं चित्र. समोर माणूस बसलेला असताना टीव्हीत त्याला कशाला बघायचं, असं त्यांना होई. बॅटरी तर जत्रेतल्या पैशासारखी संपायची. पण ही झाली सवयीची गोष्ट. खरं दुखणं वेगळं होतं आणि ते त्यांना नीट धरताच येत नव्हतं. फोटो आधीपेक्षा स्वच्छ येत होते, पापणीचा केस न् केस मोजून घ्या. आणि माणसं मात्र लाकडाची. जो येई तो स्टुलावर ताठ बसे, आणि काम आटोपल्यावरही बसूनच राही. ते दिवा बंद करत, तरी माणूस बसलेला. शेवटी हात धरून उठवावं लागे.

"तुम्हाला नवीन कॅमेऱ्याची सवय नाही झाली अजून," विजयमालाबाई म्हणत. लोकही काही तक्रार करत नव्हते. फोटो पाकिटात घालून घेऊन जात. फक्त पाकिटातून काढून तिथल्या तिथं शेजारच्याला दाखवायचे, ते बंद झालं होतं.

डिसेंबरात गुलाबसिंग राठोड दुकानात आले. डोंगराखालच्या तांड्यावर त्यांचं घर, तुरीची शेती. त्यांच्या वडिलांचा, तांड्याच्या नाईकांचा, फोटो धर्मपालभाऊंनीच पंधरा वर्षांपूर्वी काढलेला. नाईकांची मिशी एका बाजूनं हसायला निघालेली, असा तो फोटो. तांड्यावर येणारा पाहुणा अजून आधी त्या फोटोला रामराम करतो.

"याडीचा काढायचा आहे," गुलाबसिंग म्हणाले. आईला ते याडी म्हणत, सगळे बंजारे म्हणतात तसं. "गुरुवारी नागपूरले भरती करून राह्यलो. हृदयाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणते, या वयात आम्ही खात्री लिहून देत नाही." मग म्हणाले, "बापाचा आहे ना भिंतीवर, तसाच पायजे. बाजूले लावाले."

रविवारी दुपारी धर्मपालभाऊ तांड्यावर गेले. गुलाबसिंगांच्या याडी, लालीबाई, अंगणात बाजेवर बसल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे, अंगावर आरशांचा जुना फेटिया घागरा, हातांवर हिरवं पडलेलं गोंदण. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेले, कानही जरा जड. धर्मपालभाऊंनी हनुवटी उचलली तशी त्यांनी श्वास धरला आणि खांदे वर घेतले. भाऊंनी चाळीसेक फोटो घेतले. तुरीवरून येणारं ऊन छान होतं, नवा कॅमेरा डोळा धरून होता, कशाची म्हणून कसर नव्हती. त्यांनी कॅमेरा पिशवीत ठेवला, गुलाबसिंगांना नमस्कार केला आणि गाडीला किक मारली. तेव्हा कुठे लालीबाईंनी विचारलं, "काढून राह्यला का अजून?" गाडीच्या आवाजात ते भाऊंना ऐकू गेलं नाही.

मंगळवारी फ्रेम घेऊन गेले. गुलाबसिंगांनी फोटो बराच वेळ पाहिला, बापाच्या फोटोशेजारी भिंतीला धरून पाहिला. मग खाली उतरवून बाजेवर ठेवला.

"काम चांगलं आहे, धर्मपालभाऊ. सर्व दिसते," ते म्हणाले. "याडीच दिसत नाही."

रागानं म्हणाले असते तर बरं झालं असतं. राग आला की माणसाला उलटून काही वाटतं तरी. धर्मपालभाऊंनी फ्रेम उचलली आणि निघाले. दोन दिवसांनी ही बाई नागपूरला जाणार, आणि परत आली नाही तर या घरात तिचा म्हणून हा लाकडी चेहरा राहणार, तोही आपल्या हातचा. तीस वर्षांत असं झालं नव्हतं. वाटेत एका पळसाखाली गाडी थांबवून ते उगाच बसून राहिले.

बुधवारी सकाळीच त्यांनी यवतमाळ गाठलं. खिशात चिठ्ठी लिहून नेलेली: जुना कॅमेरा एक दिवसासाठी द्या. दुकानदारानं चिठ्ठी वाचली, त्यांच्याकडे पाहिलं. "भाऊ, तो तं तेव्हाच गेला. आदिलाबादकडचा एक जण आलता, सुट्या भागांसाठी घेऊन गेला. लोक पुढं जाते अन् तुम्ही मागं काहून जाऊन राह्यले?" तरी माणूस चांगला होता, त्यानं नव्या कॅमेऱ्यातला आवाज चालू करून दिला. तो आवाज म्हणजे भिंतीवर पाल चुकचुकावी तेवढा. धर्मपालभाऊंनी मान हलवली आणि परतीची बस धरली. जुना कॅमेरा कुठेतरी उघडून पडला असेल, या विचारानं त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आलं तर आलं, एवढ्या वर्षांचा सोबती होता.

घरी आल्यावर त्यांनी विजयमालाबाईंना स्टुलावर बसवलं. काय बिघडतंय ते एकदाचं बघायचंच होतं. बाई पदर सारखा करून बसल्या. भाऊंनी फोटो घेतला, कॅमेरा खाली घेतला, पडद्यावर पाहिलं. पुन्हा घेतला, पुन्हा पाहिलं. तेच लाकूड. वैतागून ते खुर्चीत बसले. थोड्या वेळानं लक्षात आलं, बाई अजून स्टुलावर तशाच. मान ताठ, गाल लाल झालेले.

"अहो, काढा ना लवकर," दातांतूनच त्या म्हणाल्या. "जीव जाऊन राह्यला माहा."

"क... काढला."

बाईंनी भस्सकन श्वास सोडला. "मंग सांगा तं खरं! मले काय माहीत? पहिले तो खटाक करे, मंग समजे. आता हा काही बोलत नाही अन् तुम्हीही बोलत नाही. समोरच्यानं श्वास कवा सोडावा?"

किती दिवस उशाला घेऊन झोपलेलं कोडं, आणि उत्तर धर्मपालभाऊंपुढे स्टुलावर धापा टाकत होतं. जुना कॅमेरा नुसता फोटो काढत नव्हता. त्यांच्या वतीनं लोकांना 'झालं, सोडा' असं सांगत होता. तो गेला आणि सांगणारंच कोणी उरलं नाही.

"उद्या सकाळी जा तांड्यावर," विजयमालाबाई म्हणाल्या. "फोटो काढा अन् म्हणा, झालं माय. एवढंच तं बोलाचं आहे."

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. 'झ' हे अक्षर म्हणजे त्यांचा जुना वैरी. झाड, झेंडा, झाडू, सगळे शब्द त्यांनी आयुष्यातून हद्दपार केले होते.

"माह्याशी तं बोलता."

"तुही ग... गोष्ट अलग आहे."

"काय अलग आहे? तुमच्या शब्दासाठी मीही थांबतेच ना," त्या म्हणाल्या आणि भाकरी टाकायला उठल्या.

गुरुवारी दिवस उजाडताच ते तांड्यावर पोचले. अंगणात गाडी उभी, इंजिन चालू, दहा-पंधरा नातलग निरोपाला जमलेले, एक बकरी मधेच. लालीबाई बाजेवर बसल्या होत्या, शेजारी गाठोडं. धर्मपालभाऊंच्या गळ्यातला कॅमेरा पाहून गुलाबसिंगांनी गाडीवाल्याला थांबायची खूण केली.

भाऊ लालीबाईंपुढे उकिडवे बसले, हनुवटी उचलली. बाईंनी श्वास धरला, खांदे वर. जबडा आवळला गेला. तोच रविवारचा चेहरा. भाऊंनी डोळा लावला आणि एक फोटो घेतला. आता बोलायचं होतं.

"झ..."

जीभ टाळूला चिकटली. मागे पंधरा माणसं. भाऊंच्या कानामागून घाम उतरला. "झ... झ..." सवयीप्रमाणे नजर जमिनीकडे जायला निघाली, पण डोळा कॅमेऱ्याला टेकलेला होता, जाणार कुठे? त्या इवल्याशा पडद्यावर लालीबाईंचा चेहरा होता आणि त्यांना तो बघावाच लागला.

बाईंनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली. कोणाचा तरी शब्द अडकलाय, हे त्यांना कळलं. खांदे खाली आले. कपाळावरच्या आठ्या एकेक करून सुटल्या. दिसत नसलेले डोळे समोरच्या आवाजावर येऊन थांबले आणि ओठ जरासे उघडले. लेकराला घास भरवताना आईचं तोंड आपोआप उघडतं ना, तसे. त्यांनी शब्द पुरा करून दिला नाही. मान फिरवली नाही. त्या नुसत्या थांबल्या.

"होऊ दे, बापू," त्या म्हणाल्या. "घाई कोनाले आहे?"

गाडीवाल्याला होती, पण तो गप्प बसला.

चाळीस वर्षं धर्मपालभाऊ हाच क्षण टाळत आले होते. आपण अडकलेले असताना समोरचा चेहरा कसा असतो ते आपल्याला पाठ आहे, असं धरून चालले होते. असाही चेहरा असू शकतो हे त्यांना ठाऊकच नव्हतं, कारण शाळा सुटल्यापासून त्यांनी मान वर करून कधी पाहिलंच नव्हतं. बटनावरचं बोट दाबलं गेलं. आवाज झाला नाही. शब्दही अजून निघत नव्हता, बाई अजून थांबलेल्या होत्या. त्यांनी पुन्हा दाबलं. जुना कॅमेरा असता तर या वेळी खटाक झालं असतं, आटोपलं समजून बाई सावरून बसल्या असत्या आणि तो चेहरा तिथंच मिटला असता. ज्या मुक्या यंत्राला त्यांनी दोन महिने शिव्या घातल्या होत्या, त्यानं तो चेहरा न मोडता सात वेळा घेतला.

"झालं, माय," अखेर शब्द बाहेर पडला, अख्खा.

लालीबाईंनी श्वास सोडला आणि बोळकं उघडून हसल्या. "एवढुसा शब्द. मले वाटलं काय मोठ्ठं सांगते बाप्पा." अंगण हसलं. धर्मपालभाऊही हसले, आणि सवयीनं तोही फोटो घेतला.

घरी येऊन त्यांनी सगळे फोटो विजयमालाबाईंना दाखवले. हसतानाचा, म्हणजे श्वास सुटल्यावरचा नेहमीचा 'दुसरा', फार गोड आला होता. पण फ्रेमसाठी त्यांनी आधीचा उचलला, शब्दासाठी थांबलेल्या बाईचा. विजयमालाबाईंनी तो पाहिला, नवऱ्याकडे पाहिलं आणि काही बोलल्या नाहीत. त्यांनाही कधी कधी जमतं.

लालीबाई नागपूरहून तीन आठवड्यांनी परतल्या. चालत नाहीत, पण जेवतात. मग धर्मपालभाऊ फ्रेम घेऊन तांड्यावर गेले. जिवंत माणसाचा फोटो भिंतीवर लावायचा नाही, म्हणून गुलाबसिंगांनी तो कपड्यात गुंडाळून कोठीत ठेवला. आधी मात्र बापाच्या फोटोशेजारी धरून पाहिला, आणि या वेळी लवकर खाली उतरवला नाही.

"मले तं काही दिसत नाही," बाजेवरून लालीबाई म्हणाल्या. "कसा आला, तू सांग."

धर्मपालभाऊ त्यांच्यापुढे बसले. मान वर करून त्यांनी बोलायला सुरुवात केली. फोटो बराच मोठा होता आणि सांगायला बराच वेळ लागला. मधे सून चहा घेऊन आली, तीही कप तसेच धरून उभी राहिली.